किती वर्षं राबंल?

आईचा बटणांचा मोबाईल म्हशीच्या पायाखाली गेला. म्हशीला काही झालं नाही. मोबाईलचा पडदा फुटला, बटणं आत गेली, टॉर्च मात्र लागली ती बंदच होईना. दोन रात्री तो गोठ्यातल्या कोनाड्यात समईसारखा जळत राहिला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे विझला. ‘गुणाचा हुता,’ आई म्हणाली. आमच्या घरात इतकं चांगलं वाक्य माणसांच्याही वाट्याला फारसं येत नाही.

आता आईला टचचा मोबाईल घ्यायचं ठरलं आणि सोप्यात तीन पक्ष उभे राहिले. पुतण्या हिंजवडीत नोकरीला, तो आयफोनचा. मेहुणा निपाणीचा, त्याच्या घरी टीव्ही सॅमसंग, फ्रीज सॅमसंग, त्यामुळं तो मत देत नव्हता, घराण्याची रीत सांगत होता. धाकट्या भावानं पाच वर्षांत शाओमी, विवो आणि रियलमी अशी तीन घरं बदलली. दर वेळी तो ‘विकासासाठी’ गेला.

‘काका, पहिल्यांदा सिक्युरिटी बघा,’ पुतण्या व्हिडिओ कॉलवरून म्हणाला. ‘फेस आयडी! दुसऱ्याच्या तोंडाला फोन उघडायची शक्यता दहा लाखांत एक.’

‘आनि जुळी असली तर?’ वडिलांनी, म्हणजे आबांनी, विचारलं. आमच्या भावकीत जुळ्यांच्या दोन जोड्या आहेत.

पुतण्या जरा थांबला. दहा लाखांचा आकडा ॲपलचाच आणि जुळ्यांपुढं तो टिकत नाही, हे सांगणारंही ॲपलच. तेवढ्यात मेहुण्यानं ‘नॉक्स’ काढलं. सॅमसंगची ही तटबंदी २०१३ पासूनची. पुतण्यानं लगेच सांगितलं, की त्याच साली आयफोन ५एसच्या चिपमध्ये बोटाच्या ठशासाठी वेगळी बंद खोली बांधली होती. भाऊ म्हणाला, माझा स्वस्तातला फोनपण तोंड बघूनच उघडतो. खरं आहे, फक्त स्वस्त फोन साध्या कॅमेऱ्यानं सपाट चित्र बघतात, आणि त्यातले काही नुसता फोटो दाखवला तरी ‘या, बसा’ म्हणतात.

आबांची स्वतःची सुरक्षा साधी आहे. त्यांचा पिन १९५६. त्या वर्षी १ नोव्हेंबरला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. हा आकडा आबा विसरणं शक्य नाही. आमच्या बोरगावातला दुसरा कुठलाही म्हातारा तो विसरणं शक्य नाही, एवढीच काय ती या व्यवस्थेतली फट.

आणि एवढी तटबंदी बांधून शत्रू येतो तो लग्नपत्रिका घेऊन. व्हॉट्सॲपवर पत्रिका म्हणून फाईल येते, शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ॲप असतं. बसवलं की ओटीपीचे मेसेज परस्पर चोराकडं जातात. आयफोनवर ती फाईल चालतच नाही. अँड्रॉइड आधी ‘हे अनोळखी आहे, बसवू का?’ असं विचारतो. पण आमच्याकडं आलेली पत्रिका उघडली नाही तर भावकी तुटते. त्यामुळं माणूस भक्तिभावानं ‘हो’ म्हणतो आणि आहेर म्हणून खातं रिकामं करून देतो.

परफॉर्मन्सचं म्हणाल तर तिघंही रॅम आणि गिगाहर्ट्‌झ बोलत होते. सीमाभागात परफॉर्मन्स म्हणजे रेंज. पूर्वी शिवारात वरच्या बांधावर गेलं की मोबाईल कर्नाटक सोडून महाराष्ट्र-गोवा सर्कलचा टॉवर धरायचा आणि आपण आपल्याच उसात उभे असताना रोमिंग लागायचं. आलेला फोन उचलायलाही पैसे. लोक बांधावरून दहा पावलं खाली पळत येऊन ‘हॅलो’ म्हणायचे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, मग इतरांनीही रोमिंग सोडलं. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. रोमिंगचा दावा कंपन्यांनी कोर्टाबाहेर मिटवला. आता राहिली आहे ती फक्त फोन लागला नाही की बोलणारी कन्नड बाई. ‘नीवु करे माडिद चंदादाररु...’ असं ती सुरू झाली की आई तिचं सगळं ऐकून घेते आणि ‘आयतु, आयतु’ म्हणून मगच फोन ठेवते.

खरा परफॉर्मन्स बघायचा तर आमच्या विहिरीवर या. मोटारीच्या पेटीत एक मोबाईल स्टार्टर आहे. त्यात एक सिमकार्ड. पडदा नाही, कॅमेरा नाही, रंग उडालेला. रात्री दोनला थ्री फेज आली की तो आबांना उठवतो. आबा अंथरुणातूनच फोन लावतात आणि तिकडं पाणी सुरू होतं. फेज गेली तर मोटार जळण्याआधी बंद करतो. घरातल्या कुणाही माणसानं रात्री दोनला आबांचं इतकं ऐकलेलं नाही.

आबांनी आयुष्यभर बैलांचे व्यवहार केले; रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवले. तिन्ही पक्षांचं ऐकून त्यांनी निकाल दिला. ‘आयफोन म्हंजी एचएफ गाय. दूध लई, पर सावली पायजे.’ मी उडालोच. पस्तीस अंशांच्या वर हवा तापली तर आयफोन वापरू नका, असं ॲपलचंच म्हणणं आहे, आणि आमच्याकडं चैत्रातच पारा त्याच्या पुढं जातो. या गाईला पेंडही तिचीच लागायची. २०२३ साली आयफोन १५ निघाला तेव्हापासून ती चार लोकांच्या दावणीला, साध्या सी टाइपवर जेवायला लागली. ‘सॅमसंग ही म्हस. घरटी एक. आनि ह्यो धाकट्याचा, त्यो शेरडू. परवडतंय, पर सारखं वरडतंय.’ त्याच क्षणी धाकट्याच्या खिशातून कसलीशी जाहिरात टुणकन वाजली.

मग मोबाईल घ्यायला आम्ही सीमेपलीकडं इचलकरंजीला गेलो. पूर्वी सीमेच्या अलीकडं-पलीकडं कर वेगळा, म्हणून खरेदीला डोकं लागायचं. २०१७ च्या जुलैत जीएसटीनं ती मजा घालवली. पेट्रोल तेवढं आमच्याकडं स्वस्त, म्हणून टाकी गावातच भरून निघालो. दुकानातला पोरगा पन्नास मेगापिक्सेलवर सुरू झाला. आबांनी त्याला मध्येच थांबवलं. ‘ह्येचं दात किती?’

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी उलगडून सांगितलं. बैल घेताना शिंगांचा रंग बघत नाहीत, तोंड उघडून दात बघतात. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. दातावरून वय, वयावरून किती वर्षं राबंल. मोबाईलचंही तेच. त्यात नव्या फटी सापडत राहतात आणि कंपनी अपडेट पाठवून त्या बुजवते. ज्या दिवशी ते थांबतं, त्या दिवशी बैल म्हातारा झाला. मग तो दिसायला कितीही चकचकीत असो. आणि हे वय आपण मोबाईल घेतला त्या दिवसापासून नव्हे, तो बाजारात पहिल्यांदा आला त्या दिवसापासून मोजायचं. जुनं मॉडेल सवलतीत मिळतं, म्हणजे जुळलेला बैल शिंगं रंगवून मिळतो.

पोरगा हुशार. त्यानं दात दाखवले. गुगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा एस २४, दोघांनीही सात वर्षांचा शब्द दिलेला. आयफोन शब्द कमी देतो, पण सहा-सात वर्षं पाळत आलाय. स्वस्तात तीन वर्षंवाला बारा हजारांना होता आणि सहा वर्षंवाला अठराला. आबांनी बोटं मोडली. बाराचा वर्षाला चार हजार, अठराचा तीन. आयफोन ऐंशी हजार भागिले सात, साडेअकराच्या आसपास. ‘एवढ्यात वर्साला एक कालवड ईल,’ म्हणाले आणि विषय संपला. काय घेतलं त्याचं नाव सांगत नाही. तिन्ही पक्षांना आमच्याकडं जेवायला यायचं असतं.

घरी आल्यावर बोटाचा ठसा घ्यायला आईला बसवलं. आईनं तीस वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळला. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उठत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत. मोबाईलवरही अंगठा उठला नाही. मग तर्जनी, मधलं बोट, अनामिका. मग दुसरा हात. दर वेळी फोन म्हणे, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ तटबंदी, बंद खोल्या, सात-सात वर्षांचे शब्द, सगळं त्या गुळगुळीत बोटांपुढं हात टेकून बसलं. पुतण्या तिकडून ‘मी म्हणत होतो, फेस आयडी’ म्हणायला लागला.

शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली आणि फोन थरारला. उठला ठसा. चाळण धरताना ती करंगळी बाहेर राहायची म्हणे.

आईनं करंगळी डोळ्यांसमोर धरून उलटीसुलटी करून बघितली. ‘एवढीच बसून खात हुती व्हय?’ ती म्हणाली. ‘आता राब म्हणावं सहा वर्सं.’