गोणीकाका

सोसायटीत चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार ही पदं निवडणुकीने भरतात; म्हणजे कोणीच उभं राहत नाही म्हणून कोणाच्या तरी गळ्यात मारतात. गोणीकाकांचं पद मात्र स्वयंभू. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुठेही जा, बँकेतून निवृत्त झालेला, लेंगा-बनियनमधला हा गृहस्थ भेटतोच. घरात माणसं दोन आणि बटाटे पन्नास किलो.

आमचे गोणीकाका घाटकोपर पूर्वेचे, पंतनगरच्या बाजूचे. मार्च उजाडला की चार घरांतून पैसे गोळा करायचे आणि टेम्पोने खाडीपूल ओलांडून वाशीचं कांदा-बटाटा मार्केट गाठायचं. व्यापारी ‘आग्रा’ म्हणाला की काका ‘इंदूर दाखव’ म्हणतात आणि ‘इंदूर’ म्हणाला की तळेगावच्या बटाट्याची आठवण काढून उसासा टाकतात. मग गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळातला एक बटाटा वर काढतात आणि अंगठ्याने साल घासून बघतात. साल सुटली तर माल नापास. कोवळ्या सालीचा नवा बटाटा लगेच खायचा, साल घट्ट धरलेलाच साठवायचा, हे खरंच आहे. काकांचं बहुतेक सगळं खरंच असतं. त्रास तिथूनच सुरू होतो.

बटाट्याला जागा हवी थंड, अंधारी आणि हवेशीर. सात ते दहा अंश म्हणजे उत्तम. आता घाटकोपरात मार्चनंतर दहा अंश फक्त फ्रिजच्या आसपास सापडतात, पण फ्रिजचं नाव काढायचं नाही. फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि असा बटाटा तळला की काळपट होतो. हे काका महाशिवरात्रीला वेफर्सचं ताट हातात असताना सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला पळता येत नाही.

मग घराची पाहणी झाली. तापाचा थर्मामीटर पस्तीसच्या खालचं काही दाखवत नाही, म्हणून भिंतीवरचा खास विकत आणला. माळा अंधारा, पण दुपारी भट्टी. गॅलरीत वारा आहे, पण उजेडही आहे आणि उजेडात बटाटा हिरवा पडतो. त्यात सोलॅनिन नावाचं कडू विष वाढतं, ते शिजवूनही जात नाही. ओट्याखाली सिलिंडर आणि ओल. दिवाणाच्या पोटात अंधार भरपूर, हवा शून्य. सव्वाचारशे चौरस फुटांत तिन्ही अटींच्या जवळपास जाणारी एकच जागा निघाली: बेडरूममध्ये, पलंगाखाली, पंख्याच्या टप्प्यात.

तेव्हापासून त्या खोलीला दिवसा जाड पडदे असतात. काकूंचं शिलाई मशीन गॅलरीत गेलं आणि काकू त्याच्या मागोमाग गेल्या. दुपारी रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, तर पाहुणा सवयीने बटणाकडे हात नेतो. काकू दबक्या आवाजात म्हणतात, “राहू दे. बटाटे आहेत आत.” घाऊक खरेदीत वाचलेले पैसे विजेच्या बिलात जातात, पण हा हिशेब काकांपुढे मांडायची छाती कोणाचीच नाही.

रविवारी हजेरी. गोणी वर्तमानपत्रांवर रिकामी होते, एकेक बटाटा हातात फिरतो. नासका लगेच बाहेर, कारण तो एकटा कधीच जात नाही, शेजारच्यांना घेऊन जातो. घट्ट बटाट्याला बारीक कोंब असेल तर तो डोळ्यासकट कोरून आज भाजीला; मऊ पडून सुरकुतलेला असेल तर केराच्या टोपलीत. धुवायचा नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचा नाही, आणि कांद्याजवळ तर ठेवायचाच नाही. बटाटा ओल सोडतो, कांद्याला कोरडं लागतं. दोघं एका टोपलीत आले की दोघंही बिघडतात. काकांचे कांदे गॅलरीत जाळीत टांगलेले असतात. शिलाई करताना काकूंच्या डोक्याला लागतात.

हळदीकुंकवाला काकूंना सोडायला आलेले काका सरळ यजमानांच्या स्वयंपाकघरात जातात आणि भाजीची टोपली तपासतात. सगळ्या मजल्यांवर त्यांचा वचक. अपवाद समोरच्या घराचा. ते कुटुंब जैन, कंदमूळ वर्ज्य. आणि बिल्डिंगमधली सगळ्यात गार, सावलीतली खोली नेमकी त्यांची. काकांनी एकदा आडून विचारून पाहिलं. बेन हसून म्हणाल्या, “काका, आमी खात नाय, तर सांभाळू कशाला?”

धक्के दोनच बसले. सी विंगमध्ये तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातले एक निवृत्त साहेब राहायला आले आणि गॅमा किरणांचा ठरावीक मारा केला की कांद्या-बटाट्याला कोंबच येत नाहीत, लासलगावला असं केंद्रही आहे, असं सहज बोलून गेले. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी जाऊन विचारून आले, घरगुती मॉडेल मिळतं का.

दुसरा धक्का लंडनहून. २०२३ मध्ये ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने आपला जुना सल्ला बदलला: बटाटे घरच्या फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. खाली सतरा अंगठे उमटले, त्यातला एक काकूंचा. काकांनी एवढंच लिहिलं, “त्यांचा बटाटा वेगळा.” मग ग्रुपचं नोटिफिकेशन बंद केलं.

जुलैत मात्र काका खचतात. भिंतींना ओल, गोणपाट दमट, हजेरीला दर रविवारी गळती. अशाच एका संध्याकाळी गेटबाहेरच्या गाडीवाल्याकडे त्यांची नजर गेली. ताडपत्रीखाली, उघड्या फळीवर बटाट्यांचा ढीग, गोटीसारखे घट्ट, एकालाही कोंब नाही. काकांनी एक उचलून अंगठ्याने घासला. साल हलली नाही. अभिमान गिळून त्यांनी विचारलं, “क्या करते हो? राख लगाते हो? नीम का पत्ता?”

“माल रुकेगा तब ना अंकुर निकलेगा, काका,” तो म्हणाला. “सुबह लाया, रात को खतम. कितना दूँ?”

“पाव किलो,” काका म्हणाले, आणि पिशवी लेंग्याच्या खिशात कोंबून मागच्या जिन्याने वर गेले.