अस्सल आणि चालू स्थितीतलं लग्न

सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत त्याच्या फाइलीत काय कमी आहे ते मला कळतं. सातबारा जुना आहे, जामीनदाराची सही पासबुकातल्या सहीशी जुळत नाही, घरपट्टीच्या पावतीवरचा शिक्का पुसट आहे. ‘या उद्या’ हे दोन शब्द माझ्याइतक्या गोड आवाजात तालुक्यात कुणी म्हणत नसेल. त्यामुळे लग्न झाल्यावर बायको म्हणाली, ‘आता तुझे व्हिसाचे कागद करायला लागतील, जमेल ना?’ तेव्हा मी नुसता हसलो. कागद, आणि मला जमेल का?

बायको लीड्सला नर्स आहे. तिथे बरीच वर्षं नोकरी करून तिनं कायम राहण्याचा परवाना मिळवलाय. माझ्याकडे सांगलीत आईचं घर, एक स्कूटर आणि पीएफ. आत्यानं चाळिशी उलटल्यावर आमचं जुळवलं आणि कुणी कुणाकडे जायचं यावर चर्चा होण्याआधीच ती संपली. गल्लीत मात्र बरेच दिवस चालू होती. घरजावई म्हणावं तर सासरे मिरजेत आणि मी निघालो लीड्सला. शेवटी समोरच्या काकूंनी ‘सासरी चाललाय’ असं जाहीर केलं आणि विषय मिटवला.

सुरुवातीलाच पगारावरून माझी किंमत कळली. ब्रिटनचा नियम असा की जोडीदाराला आणायचं तर तिथल्या माणसाची वर्षाची कमाई निदान २९,००० पौंड हवी. २०१२ साली हा आकडा १८,६०० होता, एप्रिल २०२४ मध्ये तो वाढवला. बायकोचा पगार त्याच्या वर होता. मी उदारपणे म्हटलं, ‘माझाही धर की त्यात.’

‘तुझा नाही धरत.’

‘म्हणजे किती धरतात?’

‘अरे, धरतच नाहीत.’

अर्जदाराची इकडची नोकरी तो तिकडे गेला की सुटणारच, मग ती मोजायची कशाला? तर्क बिनचूक होता. कर्जदारांना मी हाच लावत आलोय. कमाई नसेल तर शिल्लक दाखवता येते, पण ती ८८,५०० पौंड, आणि सहा महिने हात न लावलेली. मी ते रुपयांत करायला घेतलं आणि कोटीच्या आसपास पोचल्यावर कॅल्क्युलेटर खिशात टाकला.

मग अर्ज. तो ऑनलाइन असतो आणि त्यातले प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याबद्दल फार काही चांगलं वाटत नसावं. दहशतवादी कारवायांत कधी भाग घेतला आहे का? नाही. त्यांचं समर्थन केलं आहे का? नाही. युद्धगुन्हे? नाही. बटणं दाबता दाबता मला स्वतःच्या चारित्र्याचं कौतुक वाटायला लागलं होतं, तेवढ्यात त्या भागातला शेवटचा प्रश्न आला. ज्यामुळे तुम्ही सद्वर्तनी नाही असं वाटू शकेल, असं आणखी काही तुम्ही केलं आहे का?

इथे मी अडकलो. आईच्या पूजेसाठी रोज पहाटे शेजारच्यांच्या कुंपणातून जास्वंदी तोडतो, हे ‘आणखी काही’मध्ये येतं का? आईला विचारलं. ‘देवाच्या फुलांना कुणी चोरी म्हणतं का?’ असं ती म्हणाली आणि मोठ्यानं ‘नाही लिही’ अशी आज्ञा केली. मी ‘नाही’ दाबलं. दुसऱ्या दिवसापासून फुलं विकत आणली, व्हिसा लागेपर्यंत.

पुढचा प्रश्न साधा दिसत होता. तुमचं नातं कधी सुरू झालं? दिवस, महिना, वर्ष. लग्न कधी झालं हे निराळं विचारलं होतं, म्हणजे त्यांना लग्नाआधीचं काहीतरी हवं होतं. आत्यानं बायोडाटा पाठवला तो दिवस? पत्रिकेत एकवीस गुण जुळले तो? आमचा पाहण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर झाला होता. ती हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गणवेशात बसली होती आणि इकडे आईनं तरीही कांदेपोहे केले होते. प्लेट कॅमेऱ्यासमोर धरून ‘बघ, ओलं खोबरं घातलंय’ असं सांगितलं होतं. मला तीच तारीख योग्य वाटत होती. पण जोडप्याची प्रत्यक्ष भेट झालेली असलीच पाहिजे असा त्यांचा नियम आहे, आणि पडद्यावरचे पोहे त्यात बसत नाहीत. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, ‘मी सुट्टीवर आले होते आणि तू मला स्टेशनवर घ्यायला आला होतास, ती तारीख घाल.’ मला आठवतं त्याप्रमाणे त्या दिवशी मी चुकीच्या प्लॅटफॉर्मवर उभा होतो आणि ती रिक्षानं घरी पोचली होती. तारीख तीच घातली.

लग्नाखेरीज तुमचं आपसात काही नातं आहे का, असाही प्रश्न आहे. मी ‘नाही’ दाबणार एवढ्यात आई म्हणाली, ‘नाही कसं? तिच्या मामाची चुलत सासू म्हणजे आपल्या कुमठ्याच्या वन्सं.’ आईला खोलीबाहेर नेऊन मी अर्ज पुरा केला.

खरी गंमत पुराव्यांत होती. लग्न ‘अस्सल आणि चालू’ आहे असं दाखवावं लागतं. जुन्या स्कूटरच्या जाहिरातीत अशीच भाषा असते. लग्नाचा दाखला माझ्याकडे होता. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे तीन साक्षीदार आणि गुरुजींच्या सह्यांनिशी महापालिकेत नोंदवलेला. पण तो फक्त लग्न झाल्याचा पुरावा. ते चालू आहे याचा पुरावा म्हणजे फोटो, फोनच्या नोंदी, एकमेकांना लिहिलेलं काही.

फोटो साडेसातशे होते. त्यातल्या ज्या फोटोत आम्ही दोघं आहोत त्यात आत्याही आहे. अंतरपाटाच्या फोटोंत आम्ही एकमेकांना दिसतच नाही, ते बाद. सप्तपदीत माझं लक्ष धोतर सांभाळण्याकडे आहे. दोघंच असलेला फोटो एकच निघाला, फोटोग्राफरनं जबरदस्तीनं बागेत काढलेला. त्यात मी तिच्याकडे बघतोय आणि ती घड्याळाकडे.

मग व्हॉट्सॲपचं संभाषण. मी सगळं छापून काढलं आणि कर्जाची फाइल वाचतो तसं निर्विकारपणे वाचलं. ‘पोचलीस का?’ ‘हं.’ ‘जेवलीस?’ ‘हं. तू?’ ‘हं.’ मग आईचा रक्तदाबाचा आकडा. मग गॅस सिलिंडर आला की नाही. मग माझा सुप्रभात, त्यावर कमळ. उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असल्यानं माझा सुप्रभात तिला मध्यरात्री जाई, त्यामुळे त्यावर उत्तरही नसे. ही फाइल माझ्या टेबलावर आली असती तर मी शेरा मारला असता: उभय पक्षांत व्यवहार अत्यल्प. प्रस्ताव फेटाळावा.

ताबडतोब प्रेमळ मजकूर पाठवायला सुरुवात केली. ‘तुझी फार आठवण येते’ असं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिचा लगेच फोन आला, ‘आई बऱ्या आहेत ना?’ मराठी मजकुराचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि आमचा भाषांतरकार शब्दाला दर लावणारा निघाला. त्याच्या बिलात प्रत्येक ‘हं’ हा एक शब्द धरलेला होता. एवढ्या किमतीत एक बरी प्रेमकविता झाली असती.

रात्री झोप येईना म्हणून मी या कायद्याचा इतिहास वाचायला लागलो आणि तिथे मला माझे पूर्वज भेटले. १९८० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये स्थायिक पुरुषाला बायको आणणं सोपं होतं, बाईला नवरा आणणं अवघड. तीन बायका या विरोधात युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेल्या आणि १९८५ साली न्यायालयानं सांगितलं, हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. सरकारनं निकाल मान्य केला आणि बायको आणणंही तितकंच अवघड करून भेदभाव संपवला. असा स्वच्छ विचार करणारी माणसं आमच्या संचालक मंडळावर हवी होती. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनला येणं हा नव्हता, असं अर्जदारानं सिद्ध करायचा नियम तर १९९७ पर्यंत होता. आमच्या आत्याला कुणी तो विचारला असता तर तिनं तोंडावर सांगितलं असतं, ‘मुख्य हेतू हा होता की एकदाचं याचं व्हावं.’

इंग्रजी येतं हेही दाखवावं लागतं. पातळी ए-१, म्हणजे अगदी तळाची. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाचून पचवलेल्या माणसाला स्वतःचं नाव इंग्रजीत सांगता येतं का, याची परीक्षा. आयईएल्टीएस लाइफ स्किल्स नावाच्या या परीक्षेत दोन उमेदवार एकत्र बसवतात आणि सोळा ते अठरा मिनिटं बोलायला लावतात. माझी जोडीदारीण होती बर्मिंगहॅमला नवऱ्याकडे निघालेली विशीतली मुलगी. तिनं हसत विचारलं, रविवारी काय करता? मी घसा साफ करून सुरुवात केली, ‘विथ रेफरन्स टु युवर क्वेरी...’ बँकेच्या इंग्रजीत रविवारच नसतो, हे मला तेव्हा कळलं. मग माझी पाळी. मी तिला कुटुंबाबद्दल विचारायचं होतं. मी विचारलं, घरात अवलंबून किती आहेत? पोरीनं सावरून घेतलं, तिची आई, बहीण, मांजर सगळं सांगितलं. निकालात गुण नसतात, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण. उत्तीर्ण झालो आणि ते तिच्या जिवावर, असं माझं मत आहे.

क्षयाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे झाला. फी भरली: अर्जाचे १,९३८ पौंड आणि आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचा. याचं मी रुपयांत काही केलं नाही.

आता फाइल. तिच्याबद्दल मी विनयशील राहू शकत नाही. जोडपत्र अ ते ढ, रंगीत खुणपट्ट्या, अनुक्रमणिका, प्रत्येक पानावर सही. सगळे कागद बायकोनं आधीच स्कॅन करून ऑनलाइन चढवले होते, पण मूळ फाइल समोर असलेली बरी म्हणून पुण्याच्या व्हिसा केंद्रात मी ती घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, ‘काका, कागद अपलोड केलेत ना?’ म्हटलं हो. ‘मग ही पिशवी बाजूला ठेवा आणि बोटं मशीनवर ठेवा.’ मी म्हटलं, ‘निदान अनुक्रमणिका तरी बघा.’ त्यानं मान वाकडी करून बघितली. ‘छान आहे,’ म्हणाला. मग बोटांचे ठसे उमटेनात. जन्मभर नोटा मोजून रेषा झिजलेल्या. तो बोटं पुसायला लावी, मी पुन्हा ठेवी, मशीन नको म्हणे. माझ्या मागे रांग वाढत होती. शेवटी तो कंटाळून म्हणाला, ‘जरा टेका तिकडे, पुन्हा बोलावतो.’ आवाज फार गोड होता.

ठसे दुपारी उमटले. व्हिसा बारा आठवड्यांच्या आतच लागला आणि मी लीड्सला पोचलो.

विमानतळावरून घरी जाताना बायकोनं सांगितलं की हा व्हिसा तेहतीस महिन्यांचा आहे. तो वाढवायच्या वेळी इंग्रजीची वरची पायरी आणि आपण एका घरात राहतो याचा पुरावा द्यावा लागेल. म्हणजे एकाच पत्त्यावर दोघांच्या नावानं आलेली पत्रं. ‘तेव्हा आजपासूनच पाकिटं जपून ठेव,’ ती म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशी बॉक्स फाइल आणली आणि पाण्याच्या बिलावर स्वतःचं नाव घालायला फोन केला. बाईंनी नाव विचारलं. मी आपल्या पद्धतीनं सांगितलं: माझं, वडिलांचं, आडनाव, प्रत्येकाच्या स्पेलिंगसकट. बँकेचं काम करून असली शिस्त अंगात भिनलेली असते.

बिल आलं. माझं नाव गाळून त्यावर फक्त वडिलांचं नाव आणि आडनाव छापलंय. वडील सांगलीत असतात आणि त्यांच्याकडे पासपोर्टही नाही. जोडपत्र अ प्रमाणे माझी बायको सध्या सासऱ्यांबरोबर राहते.