तिसरं पान रिकामं

गच्चीचा स्लॅब टाकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गवंडीमामांना विचारलं, ‘‘वाळायला किती दिवस लागतील?’’

‘‘पापड आहे का तो, वाळवायला?’’ मामा म्हणाले. ‘‘पाणी पाजा. चौदा दिवस.’’

तेव्हापासून मी रोज सकाळी नळी धरून उभा. पाणी मारताना वाचायची सोय नसते, म्हणून आदल्या रात्री वाचलेलं घोळवत बसतो. मामांचं खरंच होतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्यातली खनिजं पाण्याशी संयोग पावतात म्हणून ते घट्ट होतं. त्यातल्या मुख्य दोघांची नावं अलाइट आणि बेलाइट. 1897 साली टर्नेबोम नावाच्या स्वीडिश भूवैज्ञानिकाला सूक्ष्मदर्शकाखाली चार जातींचे स्फटिक दिसले. कोण कशाचा बनलाय ते कळेना, तेव्हा त्यानं इंग्रजी मुळाक्षरांवरून बारसं उरकलं. बाळाचं गोत्र नंतर.

पाणी प्यायल्यावर यांतून जो चिकट पदार्थ तयार होतो, त्याचं नाव सी-एस-एच. म्हणजे चुना, सिलिका, पाणी. मधल्या आडव्या रेघांवर माझा फार जीव आहे. प्रमाण ठरलेलं नाही, अशी ती लेखी कबुली आहे. आपण नाही का ‘चार-पाच माणसं येतील’ म्हणतो, तशी!

या पदार्थावर क्ष-किरण सोडले की पंचाईत होते. स्फटिक असला तर आलेखावर टोकदार सुळके उमटतात, इथे नुसतं पसरट टेंगूळ. पूर्वी ते बाजूला सारत. मग लोकांनी सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्राचे प्रखर क्ष-किरण वापरून तो विखुरलेला पसाराही मोजायला घेतला. कोणता अणू कुठे, हे त्यातून कळत नाही. दोन अणूंमधलं अंतर कोणतं किती वेळा येतं, ते कळतं. सिलिकॉन-ऑक्सिजन 1.6 अँगस्ट्रॉम. एका सेंटीमीटरचे दहा कोटी तुकडे केले की त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम.

अणूंची ही मांडणी म्हणजे लग्नाची पंगत आहे. शेजारी कोण, हे पक्कं. चार पानं सोडून कोण, हा अंदाज. पार टोकाला कोण, देव जाणे. 2010 साली बर्कली विद्यापीठाच्या संशोधक मंडळींनी प्रयोगशाळेत बनवलेल्या सी-एस-एचमध्ये ही शिस्त साधारण 3.5 नॅनोमीटरपर्यंत टिकते असं दाखवलं. घडण टोबरमोराइटसारखी. हे खनिज स्कॉटलंडमधल्या टोबरमोरी गावाच्या नावाचं. त्यात सिलिकेटच्या साखळ्या तीन-तीनच्या ठेक्यात जातात: दोघं जोडीनं चुन्याला टेकून, तिसरा पुढच्या जोडीला सांधणारा. सी-एस-एचमध्ये मात्र हा तिसरा पुष्कळदा आलेलाच नसतो. पान वाढलेलं, पाट रिकामा. आणि या पंगतीच्या भरवशावर मी वर पाण्याची टाकी चढवणार!

चौदाव्या दिवशी मी नळी गुंडाळायला घेतली. कडेला ओल्या सिमेंटात मांजराच्या पावलांचे चार ठसे कायमचे बसले होते. त्यांत पाणी साचलेलं. बेलाइट मोठा सावकाश. तो महिनोन् महिने पीत राहतो. मी मामांना तसं सांगितलं.

‘‘मग गुंडाळता कशाला?’’ मामा म्हणाले.