सहा अक्षरांत नाव कमवा: होतकरू क्लासवाल्यांसाठी

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात क्लास काढलाय? फ्लेक्स लागला, टॉपरचे फोटो मिळाले. आता मेसेज दहा आकडी नंबरावरून पाठवाल तर पालक विचारतील, क्लास आहे की पानटपरी? बँकेसारखं नंबराच्या जागी क्लासचं नाव दिसायला हवं. ते असं मिळवा.

1. आधी नोंदणी. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार मोबाइल कंपनीच्या डीएलटी (ब्लॉकचेन) पोर्टलवर पॅन, जीएसटी, अधिकारपत्र असं सगळं चढवा. बिटकॉइन ज्या जातीच्या वहीत नोंदतात, तसल्याच वहीत आता तुमच्या बारावीच्या रिपीटर बॅचची नोंद होणार. घरी सांगा, मान वाढेल.

2. नाव निवडा. जागा इंग्रजी सहा अक्षरांची. 'नांदेड' लिहिलंत की सहाही संपली, क्लासला काही उरत नाही. 'लातूर'मध्ये एक उरतं, ते जपून वापरा. आडनाव देशमुख असेल तर नशीबवान आहात: दोन्ही स्वर काढून टाका, बरोब्बर सहा उरतात. उच्चार करायला जाऊ नका. सूर्यवंशींनी भागीदार शोधावा.

3. नावाच्या आधी दोन अक्षरं आपोआप लागतात, एक कंपनीचं, एक सर्कलचं. 2025 पासून शेवटीही एक लागतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारला जी. जी मागू नका, मिळत नाही. 'पी' लागलं तर डीएनडीवाले, म्हणजे 'जाहिराती नकोत' असं नोंदवलेले पालक हातचे गेले. म्हणून 'प्रवेश सुरू, 20 टक्के सूट' ही पालकांची सेवाच आहे, असं मनाला पटवा. मन पटतं, कंपनी पटेलच असं नाही.

4. मजकूर मराठीत लिहायची हौस आहे? शाबास. इंग्रजी मेसेजला 160 अक्षरं, मराठीला 70. त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे मोजतात. 'विद्यार्थी' डोळ्यांना तीन अक्षरी, बिलात दहा. नुसत्या 'श्री'ला चार. 'सर्व विद्यार्थी व पालकांना सप्रेम नमस्कार' म्हणेपर्यंत निम्म्याहून जास्त जागा खलास, आणि फी भरायची तारीख दुसऱ्या मेसेजात, दुसऱ्या पैशांत. म्हणून तर अख्खा मराठवाडा 'udya sutti ahe' छाप मराठी वाचायला शिकलाय.

5. मजकूर आधी मंजूर करून घ्या आणि मग त्याला हात लावू नका. मंजूर साच्यात नाव-तारखेपुरत्या मोकळ्या जागा असतात. बाकी एक शब्द इकडचा तिकडे केलात तर मेसेज वाटेतच गळतो. खचू नका. 8 मार्च 2021 ला ही चाळणी देशभर लागली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते, आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. तुमचा तर चाचणीचा निकालच आहे.

6. मेसेज गेला? फोन हाताशी ठेवा. त्या सहा अक्षरांना उलट उत्तर देता येत नाही, त्यामुळे मुखेडहून, औशाहून पालक थेट तुम्हालाच लावणार: "सर, ह्यो मेसेज तुमचाच हाय का कुणी फसवायलंय?" हो म्हणा. मग तोच मजकूर व्हॉट्सॲपवर टाका, फोटोसकट.