पेट्रोलनिष्ठेची मीमांसा

मराठी वाहनचालकाच्या ज्या मतांना पुराव्याची गरज भासत नाही, त्यांत ‘गाडी अमुकच कंपनीच्या पेट्रोलवर नीट चालते’ या मताचे स्थान बरेच वरचे आहे. हे मत बहुधा पहिल्या दुचाकीबरोबर वारशाने मिळते, दुसरीच्या काळात ते पक्के होते आणि चारचाकी आल्यावर इतरांना न मागता दिले जाते. डॉक्टर बदलणारा, बँक बदलणारा आणि प्रसंगी पक्षही बदलणारा मनुष्य पंप मात्र बदलत नाही. काटा तळाला टेकलेला असतानाही वाटेतले दोन पंप मागे टाकून तो तिसऱ्याकडे निघतो, आणि शेवटच्या टप्प्यात गाडी ढकलावी लागलीच तर दोष रस्त्याच्या लांबीला देतो, निष्ठेला देत नाही.

या निष्ठेचे स्थूलमानाने तीन संप्रदाय आढळतात. पहिला कंपनीवादी; त्याच्या लेखी एका कंपनीचे पेट्रोल शुद्ध आणि उरलेल्या सर्वांचे संशयास्पद असते. दुसरा कोकोवादी, ज्या पंपाची मालकी कंपनीची असते आणि जो कंपनीच चालवते, त्यास व्यवहारात ‘कोको पंप’ म्हणतात, आणि तेथे खासगी मालक नसल्यामुळे लबाडीही नसावी, असा या संप्रदायाचा सिद्धान्त आहे. तिसरा प्रीमियमवादी, लिटरमागे जास्त पैसे मोजले की इंजिनाला ते कळते, अशी त्याची धारणा असते. तिन्ही संप्रदायांची प्रमाणे मात्र दोनच आहेत : एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते हे सांगणारे ‘ॲव्हरेज’ आणि मूठ पिळताच गाडी किती उत्साहाने झेपावते हे सांगणारा ‘पिकअप’. पहिले मोजता येते, पण सहसा मोजले जात नाही. दुसरा मोजता येत नाही, म्हणून त्याविषयी कोणाचेही दुमत नसते.

पहिल्या संप्रदायाची तपासणी मुंबईतील माहुलपासून सुरू करणे सोयीचे ठरते. तेथे १९५० च्या दशकाच्या मध्यास दोन तेलशुद्धीकरण कारखाने एकमेकांच्या शेजारी उभे राहिले. त्यांपैकी एक पुढे एस्सोचा म्हणून ओळखला गेला आणि दुसरा बर्मा-शेलचा होता. १९७४ मध्ये एस्सोचा भारतातील कारभार सरकारने ताब्यात घेतला व त्यातून हिंदुस्तान पेट्रोलियम आकारास आली. १९७६ मध्ये बर्मा-शेलची पाळी आली व तिचे रूपांतर भारत पेट्रोलियममध्ये झाले. त्यामुळे ‘एस्सोच्या काळातले पेट्रोल आता राहिले नाही’ असा उसासा टाकणारे वडीलधारे आणि ‘सरकारी पेट्रोलला शेलची सर नाही’ असे ठणकावणारे त्यांचे चिरंजीव एकमेकांशी तावातावाने भांडत असले, तरी वडिलांचा वियोग ज्या कारखान्याच्या नावापुरता झालेला असतो त्याच्याच शेजारच्या कारखान्याला मुलगा नाके मुरडत असतो, आणि तो कारखाना उभारण्यात शेलचाच वाटा होता. आजच्या शेलचा भारतात स्वतःचा शुद्धीकरण कारखाना नाही, आणि इंडियन ऑइल देशातील सर्वांत मोठी इंधनविक्रेती कंपनी असूनही तिचा महाराष्ट्रात एकही नाही. पण म्हणून कोणाचाही पंप कोरडा पडत नाही, कारण तेलकंपन्या वाहतुकीचा खर्च वाचवण्यासाठी आपसांत मालाची देवघेव करतात आणि ज्याचा कारखाना अथवा साठा जवळ, त्याच्याकडून दुसऱ्याचाही टँकर भरला जातो. मुंबईहून पुण्याकडे व पुढे सोलापूरकडे गेलेल्या तेलवाहिनीतून पेट्रोल आणि डिझेल एकामागोमाग वाहत येते. लोणी काळभोरच्या परिसरात तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो आहेत. आणि तेथून निघालेल्या टँकरवर जो रंग असतो, तो टँकरचा असतो.

देवघेव शक्य होते ती प्रमाणीकरणामुळे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २७९६ या मानकात पेट्रोलची घनता, बाष्पीभवनाची पातळी, गंधकाचे प्रमाण इत्यादी गुणधर्मांच्या मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन लागू झाले, तेव्हा गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली आणि ती सर्व कंपन्यांना एकाच दिवशी लागू झाली. शिवाय आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते, जे या राज्यात बव्हंशी उसाच्या कृपेने तयार होते. त्यामुळे परदेशी बोधचिन्हाखाली अभिमानाने टाकी भरणाऱ्या गृहस्थाच्या इंजिनात, ज्या साखर कारखान्याच्या निवडणुकीत त्याने पॅनेल पाडले त्याच कारखान्याचा अंश जळत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. एका लिटर एथेनॉलमधील ऊर्जा तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने ॲव्हरेज थोडे उतरते, परंतु ते सर्व पंपांवर सारखेच उतरते.

मग फरक कशात असतो? तो मिश्रकांत, म्हणजे मूळ पेट्रोलमध्ये अत्यल्प प्रमाणात घातल्या जाणाऱ्या रसायनांत असतो. वरण एकाच पातेल्यातले असले तरी फोडणी ज्याची त्याची. या फोडणीतील मुख्य घटक स्वच्छताकारक असतात, जे इंजेक्टरच्या तोंडावर आणि आत हवा घेणाऱ्या झडपांवर साचणारी काजळी रोखतात. अमेरिकेत १९९५ पासून त्यांचे किमान प्रमाण कायद्याने बंधनकारक झाले. ते किमान फारच किमान आहे असे वाटून काही मोटार कंपन्यांनी २००४ मध्ये ‘टॉप टियर’ नावाचा अधिक कडक दर्जा आखला. आणि तेथील अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये केलेल्या चाचणीत हा दर्जा नसलेल्या पेट्रोलने झडपांवर सरासरी १९ पट अधिक काजळी साचवली. तेव्हा कंपनीवादी संप्रदाय सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. अडचण इतकीच, की हा परिणाम हजारो किलोमीटरांनंतर आणि इंजिन उघडल्यावर दिसतो, तर निष्ठावंताला तो पंपावरून बाहेर पडून पहिल्या सिग्नलला पोहोचण्यापूर्वी जाणवतो, त्या वेळी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बहुधा आधीच्याच पंपाचे पेट्रोल असते. ज्या इंजिनांत पेट्रोल झडपांवर न पडता थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तेथे तर झडपा धुण्याची संधीच या रसायनांना मिळत नाही.

प्रीमियमवादी संप्रदायाचे दैवत ऑक्टेन हे आहे. सिलिंडरमध्ये दाबलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण ठिणगीपासून पसरत जाणाऱ्या ज्योतीने क्रमाने पेटावे अशी अपेक्षा असते. परंतु उष्णता व दाब असह्य होऊन त्यातील उरलेला भाग स्वतःहूनच भडकला, तर इंजिन टकटक आवाज करते, ज्यास ‘नॉकिंग’ म्हणतात. हा उतावळेपणा आवरण्याच्या पेट्रोलच्या क्षमतेचे माप म्हणजे ऑक्टेन क्रमांक. आइसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेनला शून्य गुण देऊन ते ठरवले जाते. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलसाठी हा क्रमांक किमान ९१ ठरवण्यात आला. म्हणजे ऑक्टेन हा संयमाचा निर्देशांक आहे, ताकदीचा नव्हे. मात्र संयमाच्या नावाने काहीही खपत नसल्यामुळे कंपन्यांनी आपल्या महागड्या पेट्रोलांना ‘पॉवर’, ‘स्पीड’ अशी नावे दिली आहेत. इंडियन ऑइलने २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले. जास्त दाबावर चालणाऱ्या आणि नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ बदलू शकणाऱ्या इंजिनांना अशा इंधनाचा उपयोग होतो. दूध आणि वर्तमानपत्रे वाहणाऱ्या शंभर सीसीच्या दुचाकीला ते पाजल्यास, मुळात न होणारे नॉकिंग अधिकच होत नाही.

राहिला प्रश्न ॲव्हरेजच्या साक्षीचा. नव्या पंपावर पेट्रोल भरलेला चालक परीक्षणाच्या हेतूने गाडी हळू चालवतो, अकारण ब्रेक लावत नाही आणि सिग्नलला इंजिनही बंद करतो. परिणामी ॲव्हरेज वाढते आणि श्रेय पंपाला जाते. पुढच्या खेपेस तोच चालक कुटुंबासह खंबाटकी चढतो, आणि कमी झालेल्या आकड्याचा खुलासा ‘या वेळी माल खराब होता’ असा होतो. मागे बसलेल्यांच्या वजनाचा उल्लेख गृहशांतीसाठी टाळला जातो. पहाटेचे पेट्रोल थंड व दाट असते म्हणून तेव्हाच भरावे, असेही एक व्रत आहे. पेट्रोल एका अंश सेल्सिअसला सुमारे एकदशांश टक्का प्रसरण पावते हे खरे. पण ते जमिनीखालच्या टाकीत असते आणि तेथे पहाट होत नाही. शंभराऐवजी एकशेदहाचे मागितले की मापात फसवणूक होत नाही, हा सिद्धान्त तर इतका सर्वमान्य आहे की एकशेदहा ही रक्कम आता पंपावरही पाठ झाली असावी.

खरा फरक कंपनीपेक्षा पंपागणिक पडतो, आणि तो तपासण्याची साधने ग्राहकाच्या हक्काची आहेत. गाळणकागदावर पेट्रोलचा थेंब टाकला आणि तो डाग न ठेवता उडून गेला, तर भेसळीचा संशय कमी होतो. टँकरसोबत आलेल्या नोंदीपेक्षा घनतेत घनमीटरला ३ किलोग्रॅमहून अधिक तफावत असू नये. वैधमापन विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप मागता येते आणि त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचीच तूट चालते. पावसाळ्यात भूमिगत टाकीत पाणी शिरले, तर एथेनॉल त्या पाण्याबरोबर वेगळे होऊन तळाशी बसते आणि तेव्हा कोणत्याही कंपनीची गाडी कोणत्याही कंपनीच्या पेट्रोलवर आचके देते. ही साधने वापरल्याचे क्वचितच आढळते, कारण चहाच्या टपरीवर कंपन्यांच्या गुणावगुणांना तासभर देणाऱ्या तज्ज्ञाला पंपावर पाच मिनिटे काढणे मागच्या रांगेच्या हॉर्नमुळे अशक्य होते.

वस्तुतः ॲव्हरेज सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय त्याच पंपाच्या कोपऱ्यात असतो. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी अधिक पेट्रोल पिते आणि पंपावर हवा फुकट भरून मिळते. परंतु फुकट वस्तूविषयी ठाम मत बाळगण्याची रीत नसल्यामुळे हवा दीर्घकाळ उपेक्षित राहिली. ही उणीव आता भरून निघाली आहे. वातावरणातील हवेत मुळातच ७८ टक्के असलेला नायट्रोजन अनेक ठिकाणी पैसे घेऊन टायरमध्ये भरला जातो, व्हॉल्व्हवर हिरवी टोपी चढवली जाते, आणि तेव्हापासून गाडी कशी हलकी चालते याचे साक्षीदारही उपलब्ध होऊ लागले आहेत.