आहेराच्या साड्या निघाल्या मंडालेला

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारला ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, मंडालेतली घरं, मठ, पूल कोसळले, आणि दुसऱ्याच दिवशी बीदर जिल्ह्यातल्या आमच्या संतपूरच्या चहाच्या हॉटेलात माणुसकी जागी झाली. माणुसकीचं पहिलं काम ठरलेलं असतं: बॅनर. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा आमच्या राज्याचा नियम. तो मदतीच्या बॅनरला लागतो की नाही, यावर तीन चहा झाले. शेवटी लावून घेतलेला बरा असं ठरलं. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी, उर्दू आणि गावातल्या मंडळाच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट, त्यांच्या बर्मी भाषेच्या वाट्याला काहीच आलं नाही. पण सीमाभागात भाषेवरून भांडण न झाल्याचा हा दुर्मीळ प्रसंग म्हणून त्याचीही नोंद ठेवायला हरकत नाही.

मग कपडे. आमच्याकडं घरटी एखादी तरी आहेराची साडी असतेच. ती नेसायची नसते. भालकीच्या लग्नात मिळते, कमलनगरच्या बारशाला जाते, उदगीरच्या वास्तुशांतीहून परत येते. पिशवी बदलते, घडी मोडत नाही. मूळ मालकीण कोण, हे आता कुणालाच ठाऊक नाही. अशा साड्यांना भूकंपामुळं पहिल्यांदाच परदेशवारीचा योग आला. जोडीला टॉवेल-टोप्या आल्या, सत्कारातल्या शाली आल्या. एका काकांनी तर चार स्वेटर आणून दिले. एप्रिलात मंडालेचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, आपल्यासारखंच ऊन, असं गुरुजींनी सांगून पाहिलं. "असू द्या की गुरुजी, फुकट मिळालेलं कोण नको म्हणतंय?" काका म्हणाले.

गठ्ठे बांधून झाले. एवढ्या गर्दीत नेमका प्रश्न विचारला तो ट्रकच्या ड्रायव्हरनं: जायचं कुठून? नकाशा उघडला तर रस्ता मणिपुरातल्या मोरेपर्यंत, आणि त्यापलीकडं भूकंपाच्या आधीपासून चाललेलं यादवी युद्ध. अध्यक्षांनी तोडगा काढला, "आपण बीदरपर्यंत पोचवू. पुढचं सरकार बघतंय की." सरकार खरोखरच बघत होतं. 'ऑपरेशन ब्रह्मा'त विमानं गेली, एनडीआरएफचे जवान गेले, लष्करानं मंडालेत तात्पुरतं रुग्णालय उभारलं. त्यांच्यापैकी कुणी साडी मागितल्याचं ऐकिवात नाही.

नको ती वस्तू पाठवण्यात संतपूर एकटं आहे, असं समजून कुणी खंत करू नये. २०१५ च्या एप्रिलात नेपाळला भूकंप झाला, तेव्हा तिथले अर्थमंत्री रामशरण महत यांना जाहीरपणे म्हणावं लागलं, की आमच्याकडं ट्यूना मासे आणि मेयॉनीज येऊन पडलंय. आम्हाला धान्य, मीठ, साखर हवी. काठमांडूच्या विमानतळाला मोठ्या विमानांसाठी एकच धावपट्टी. ती खराब व्हायला लागली म्हणून १९६ टनांपेक्षा जड विमानांना उतरायलाच बंदी घालावी लागली. म्हणजे जगाचं प्रेम इतकं दाटून आलं, की ते उतरवायला जागा उरली नाही.

आणि आम्हाला हे नवीन नसायला हवं होतं. किल्लारी इथून काही फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या दिवशी जगाच्या लेखी आम्हीच परदेश होतो. मदत आली, तसे बघेही आले, इतके की मदतीच्या गाड्यांना वाट मिळेना. पुढं पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसली. बऱ्याच ठिकाणी शहरी आराखड्याची घरं मिळाली. जनावरं बांधायची कुठं आणि धान्याचं बळद कुठं, हे विचारायचं राहून गेलं. पण त्याच भागातल्या बायका घरबांधणीवर देखरेख करायला शिकल्या, आणि २००१ च्या भूकंपानंतर 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर थेट गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांशी बोलत बसल्या. नेलं काय, तर स्वतःवर गुदरलेलं. त्याला ट्रक लागला नाही, त्यामुळं बॅनर बांधायलाही जागा नव्हती.

अध्यक्षांचा तोडगा ऐकून गुरुजी म्हणाले, मग पैसेच पाठवू. भूकंपाच्या आधीपासून तिथं काम करणाऱ्या, तिथलीच माणसं हाताशी असलेल्या संस्थेला. बैठकीत एकदम शांतता. दोघांना रानातली मोटार चालू राहिल्याचं आठवलं. एकानं आयकरातली ८०जीची सूट मिळंल का विचारलं. जुन्या करप्रणालीत मिळते, गुरुजी म्हणाले, पण ती संस्था भारतात त्या कलमाखाली नोंदलेली पाहिजे. परस्पर परदेशी संस्थेला दिले तर नाही, रोख दोन हजारांच्या वर दिले तरी नाही, आणि साडीला तर नाहीच नाही. तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर 'भूकंपग्रस्त साहाय्य' असा क्यूआर कोड आला. स्कॅन केला तर खात्यावर नाव एका मोबाइल दुकानाचं. माणुसकी अशी झटपट जागी होते म्हटल्यावर चोरांनी तरी का झोपावं?

गुरुजींचं आणखी एक म्हणणं होतं, की सगळे पैसे आत्ताच देऊ नका. सहा महिन्यांनी टीव्हीवाले निघून गेले की छपराला पत्रे लागतात, शाळा उभी करावी लागते, तेव्हाही थोडे द्या. ही सूचना एकमतानं फेटाळली गेली. सहा महिन्यांनी पेपरवाले फोटो छापतील का?

शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी कुणाला न सांगता फोनवरून पाचशे रुपये पाठवले, नीट चौकशी केलेल्या संस्थेला. बातमी फुटलीच. संतपूरहून परदेशी पोचलेली ती एकमेव मदत, त्यामुळं मंडळानं त्यांचा जाहीर सत्कार ठरवला आहे. मांडव, माइक, शाल-श्रीफळ यांसाठी वर्गणी सुरू असून आतापर्यंत साडेतीन हजार जमले आहेत. आहेराला साडी मात्र विकत आणायची नाही, गठ्ठ्यांतलीच एक काढायची, असं ठरलं आहे.