माळ्यावरच्या मंडळींस अनावृत पत्र

पुणे, घटस्थापनेची आदली संध्याकाळ

माळ्यावरील समस्त ज्येष्ठ मंडळींस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, सोमवारपासून घराला रंग लागतोय. काल रंगारी भिंती बघायला आले. शिडी लावून त्यांनी माळ्यात डोकं घातलं, बॅटरी मारली आणि खाली उतरून म्हणाले, "ताई, वर अजून एक बिऱ्हाड आहे." ते बिऱ्हाड म्हणजे आपण. भाडं नाही, पाणीपट्टी नाही, तरी वीस वर्षांत आम्ही एकदाही 'जागा खाली करा' म्हटलं नाही. वडीलधाऱ्यांचा इतका मान राखणारं घर पेठांत शोधून सापडायचं नाही, हे आधीच नम्रपणे नमूद करते.

टीव्हीराव, आपण एकवीस इंची. पोट मागच्या बाजूला सुटलेलं, त्यामुळे निम्मा माळा एकट्या आपला. शेजारी दोन डीव्हीडी प्लेअर. त्यातल्या एकाच्या पोटात भाड्याने आणलेला सिनेमा अजून अडकलाय, आणि ते दुकान बंद होऊन तिथे केक मिळायला लागले त्यालाही दहा वर्षं झाली. मग किंचाळत किंचाळत इंटरनेट जोडणारे मोडेमपंत. पाच मोबाइल, पैकी एकाची बॅटरी अशी फुगलीय की मागचं झाकण पुरीसारखं टम्म वर आलंय. आणि श्रीखंडाच्या डब्यात चार्जर. काल ते सतरंजीवर पसरून मोजले. एकतीस भरले. त्यातल्या कुणाचं टोक घरातल्या कुठल्याच भोकात जात नाही. तरी मोजून झाल्यावर मी ते परत डब्यात भरले, झाकण दाबलं आणि म्हटलं, "असू दे, लागेल."

या तीन शब्दांवर आपणा सर्वांचा मुक्काम टिकून आहे.

आपली सोय लावायचे प्रयत्न आम्ही केलेच नाहीत, असं मात्र समजू नये. टीव्हीरावांना आठवत असेल, एकदा भंगारवाले दादा आले होते. त्यांनी आपला पडदा बघितलासुद्धा नाही. पाठ फिरवून मागची नळी तेवढी बघितली. "ताई, नळीच्या गळ्याशी तांब्याचं वेटोळं असतं, तेवढंच कामाचं. बाकी काच कोण घेतंय? फेकून द्यायची." माणूस प्रामाणिक. ज्या काचेला कुणी विचारत नाही, त्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसं असतं. क्ष-किरण बाहेर येऊ नयेत, घरच्यांनी रामायण निर्धास्त बघावं, म्हणून घातलेलं. आपण शाबूत आहात तोवर ते आपल्या पोटात गुमान बसतं. नळी फोडून काच नाल्याकाठी टाकली की ते तुकडे मातीत जातात आणि आमचा नातेसंबंध मातीमार्गे, पाण्यामार्गे पुढच्या पिढ्यांशी जुळतो.

मोडेमपंतांच्या वायरींची गोष्ट वेगळी. वरचं प्लास्टिक सोलत बसायला वेळ लागतो, पेटवलं की पाच मिनिटांत तांबं मोकळं. धूर विषारी असतो, पण तो आमच्या गॅलरीत येत नाही. येतो तो दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा उत्तर प्रदेशात मुरादाबादला. पितळेसाठी नावाजलेलं हे गाव सर्किटची पाटी जाळून, कुटून, राख धुऊन धातू काढण्यासाठीही ओळखलं जाऊ लागलं, आणि ते धुणं रामगंगेच्या काठी. पाटीवरचं सोनं सुटावं म्हणून आम्लाच्या बादल्यांत हात घालणारी माणसं आम्ही कधी पाहिली नाहीत. त्यामुळे आमचा हात स्वच्छ.

तेव्हा भंगार नको. मग उरतं दान, आणि त्यात आमचा हात कुणी धरू शकत नाही.

आपले थोरले बंधू संगणकराव आता आपल्यात नाहीत. वाईट वाटून घेऊ नका. ते मावळातल्या एका शाळेत असतात. त्यांच्यातली विंडोज एक्सपी कंपनीनेच २०१४ साली वाऱ्यावर सोडली, ते सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घेऊ लागले, तेव्हा पुढच्याच वर्षी मी उदार मनाने त्यांना शाळेला देऊन टाकलं. शाळेने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तीन वर्षांनी त्या बाजूला जाणं झालं. संगणकराव कोपऱ्यातल्या टेबलावर, अंगावर भरतकामाचं कापड, पडद्याच्या वरच्या कडेला कुंकवाचं बोट. मुख्याध्यापक संकोचून म्हणाले, "बाई, सुरू होत नाही. पण खंडेनवमीला पूजा करतो आम्ही." मी म्हटलं, मग काढून टाका की. तर म्हणाले, काढता येत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झालीय. निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, तो वर जायचा, मंजुरी यायची. तोवर झाडायचं, पुसायचं आणि तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवायचं. म्हणजे मी माझ्या घरातली अडगळ एका खोलीच्या शाळेवर सरकारी शिक्क्यानिशी लादून आले, आणि वर शाल घेऊन आले. शाल उबदार आहे. अजून वापरते.

दुसरं दान मिक्सरबाईंचं. त्या आमच्या कामाच्या मावशींच्या घरी गेल्या. चटणी वाटताना वास यायचा, झाकणाला हात लावला की झिणझिण्या यायच्या, बाकी तक्रार काही नव्हती. महिन्याभराने मावशींनी भांडी घासून झाल्यावर हात पुसले, कमरेच्या पिशवीतून शंभराची घडी घातलेली नोट काढली आणि ओट्यावर ठेवली. "ताई, तुमचा मिक्सर. वाइंडिंग जळालंय म्हणाला. सातशे मागत होता. म्हणून भंगारात दिला. हे त्याचे आले." मी मोठ्या मनाने म्हटलं, "राहू द्या हो तुम्हालाच." त्या नोटेपेक्षा जास्त पैसे मावशींनी रिक्षात आणि दुरुस्तीवाल्याकडच्या दोन फेऱ्यांत घालवले होते, हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा मी विषय बदलला.

मंडळी, कठोपनिषदात वाजश्रवस नावाचे एक यजमान आहेत. यज्ञात सर्वस्व दान करायला निघाले, आणि दिल्या कुठल्या गाई? पाणी पिऊन संपलेल्या, गवत खाऊन संपलेल्या, दूध देऊन संपलेल्या. पोराला, नचिकेत्याला, ते बघवेना. "बाबा, मला कुणाला देणार?" असं त्याने तीनतीनदा विचारलं, तेव्हा बाबा चिडून म्हणाले, "यमाला." पुढचं तत्त्वज्ञान थोर आहे, पण मला आता त्याची सुरुवातच पुरते. भाकड गाईच्या दानाची शरम पोराला वाटली, यजमानाला नाही. आमच्या घरी नचिकेता नाही. शंभराची नोट परत आणणाऱ्या मावशी आहेत.

आता आपल्या अधिकृत पालकांविषयी. कायद्याने आपला शेवटचा खर्च आपल्या जन्मदात्या कंपनीकडे आहे. ही जबाबदारी १ मे २०१२ पासून लागू झालेल्या नियमांतच आली. आताचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. त्यांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत, आणि कंपन्यांनी किती टक्के मालाचं पुनर्चक्रण करून घ्यायचं याचे आकडे ठरलेत: आधी ६०, मग ७०, मग ८०. टीव्हीराव, आपली पंचाईत वेगळीच आहे. आपल्याला जन्माला घालणारी कंपनी आपल्याआधीच वारली. आपण अनाथ. जगात २०२२ साली असा इलेक्ट्रॉनिक कचरा ६ कोटी २० लाख टन झाला आणि त्यातला नीट गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. उरलेल्यातले काही टन जगभरच्या माळ्यांवर असतील. तेव्हा एकटं वाटून घेऊ नका.

मोबाइल मंडळींना मात्र मला एक खास गोष्ट सांगायचीय. जपानी लोकांनी २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत आपली अशीच अडगळ खाली उतरवली. सुमारे ७९ हजार टन लहान उपकरणं, त्यात ६२ लाख मोबाइल. त्यातून ३२ किलो सोनं, साडेतीन हजार किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य निघालं, आणि टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं त्यातूनच घडली. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राच्या गळ्यात पडलेलं पदक त्यातलंच. ते मुळात चांदीचं, वर सहा ग्रॅमच्या थोडं पुढे सोनं. आपले जपानी भाऊबंद भालाफेकीचं सुवर्णपदक झाले आणि आपण श्रीखंडाच्या डब्याशेजारी झुरळांना आसरा देताय. यात आपला दोष नाही. आपल्याला वाटलेलं, आपली मालकीण जपानी नसली तरी निदान शहाणी असेल.

तर ठरलं ते असं. सोसायटीच्या दाराशी रोज कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना मी आजवर फक्त ओलं-सुकं विचारत होते. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांच्या पंचायतीतून उभी राहिलेली ही संस्था ई-कचराही गोळा करून पुढे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रणवाल्यांकडे पाठवते, हे मला आज पहिल्यांदा विचारल्यावर कळलं. उत्तर कित्येक वर्षं दारात उभं होतं आणि मी माळ्याकडे बघत होते. टीव्हीराव, आपण अखंड जायचं, नळी न फोडता. फुगलेली बॅटरी वेगळ्या पिशवीत, टोकांना चिकटपट्टी लावून. मोबाइलमधून सिमकार्ड, मेमरी कार्ड काढलंय. संगणकरावांची हार्डडिस्क आधीच काढून ठेवली होती, गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून. काल ती भाच्याने जोडून बघितली. आत 'पत्रिका फायनल', 'पत्रिका फायनल २' आणि 'पत्रिका खरंच फायनल' निघाल्या. या गुपितांसाठी आम्ही दहा वर्षं पहारा दिला.

आणि शेवटचं. गेल्या दिवाळीत मी नवा लॅपटॉप घेतला. जुना ठणठणीत चालतो, पाच वर्षांचाच आहे. रंगारी आले तेव्हा तो बबलरॅपमध्ये बांधून शिडीपाशी ठेवला होता. आपल्याकडे यायला निघालेला. आणखी चार वर्षं वर बसला असता तर बॅटरी गेली असती, नवं काही चालेनासं झालं असतं, आणि मग मी तो कुणाला तरी उदार मनाने दिला असता. आपल्यातला प्रत्येक जण एक दिवस असाच दुभता होता. तेव्हा आम्ही दिलं नाही; आटल्यावर दान आठवलं.

मावशींची नात पॉलिटेक्निकला आहे. मोबाइलच्या टीचभर पडद्यावर प्रोग्राम लिहिते. आज सकाळी मी मावशींना म्हटलं, तिच्यासाठी लॅपटॉप घेऊन जा. मावशी हात पुसत थांबल्या. मिक्सर त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला असावा.

"चालू आहे ना, ताई?"

मी तो तिथेच ओट्यावर उघडला आणि बटण दाबलं. पडदा लागला. मग माझ्या खात्यातून बाहेर पडले, सगळं पुसलं, आणि दिला.

आपली कृपाभिलाषी,
खालच्या मजल्यावरची

ता. क. लॅपटॉपचा चार्जर सापडेना. श्रीखंडाचा डबा पुन्हा सतरंजीवर उलटा केला. एकतीसपैकी एकही लागला नाही. नवा विकत आणला आणि डबा टीव्हीरावांबरोबर खाली उतरवला.